गॅब्रिएल गेल्यावरचा जेनेसिस: 'अ ट्रिक ऑफ द टेल' (१९७६)

बारातारी (धागाकर्ता)

जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचं नाव निघालं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. जुनं ऐकलेल्यांना फुलाचा मुखवटा घातलेला मूळ गायक पीटर गॅब्रिएल आठवतो, आणि एमटीव्हीवर वाढलेल्यांना फिल कॉलिन्स आणि 'आय कान्ट डान्स'. या दोन चित्रांच्या मधे फेब्रुवारी १९७६ मध्ये आलेला 'अ ट्रिक ऑफ द टेल' हा अल्बम आहे. त्याच्याबद्दल मराठीत सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. गॅब्रिएल, टोनी बँक्स (की-बोर्ड) आणि माइक रदरफर्ड (बास आणि बारा तारांची गिटार) हे तिघं चार्टरहाउस या इंग्लंडमधल्या निवासी शाळेतले. कॉलिन्स १९७० मध्ये ड्रमर म्हणून आला आणि स्टीव्ह हॅकेट १९७१ च्या सुरुवातीला लीड गिटारवर. या पाच जणांनी पुढच्या चार वर्षांत काय केलं ते इथल्या बऱ्याच जणांना पाठ आहे, त्यामुळे थेट १९७४ च्या 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे'वर येतो. भेग पडली ती तिथे. त्या दुहेरी अल्बमची कथा आणि जवळजवळ सगळे शब्द गॅब्रिएलचे. संगीताचा मोठा भार बाकीच्या चौघांवर. त्यात सिनेदिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने गॅब्रिएलला काही काम करशील का म्हणून विचारलं. घरी पहिली मुलगी जन्मली आणि तिच्या जिवाची काळजी होती. त्याची सगळीकडून ओढाताण चालली होती. दौरा नुकताच सुरू झाला असताना, अमेरिकेतच, त्याने सोबत्यांना सांगून टाकलं की हे संपलं की मी थांबणार. तरी मे १९७५ पर्यंत तो प्रयोगामागून प्रयोग करत राहिला आणि प्रेक्षकांना कसलीही चाहूल लागली नाही. ऑगस्टमध्ये बातमी बाहेर आली तेव्हा बहुतेकांनी बँड संपला असंच धरलं. साहजिक होतं ते. मुखवटे त्याचे, गाण्यांच्या मधे सांगायच्या विचित्र गोष्टी त्याच्या, वर्तमानपत्रात छापून यायचा फोटोही त्याचाच.

आता राहिलेल्या चौघांचं बघू. लंडनमध्ये ॲक्टनला एका तळघरात तालमी सुरू झाल्या तेव्हा हॅकेट त्याच्या पहिल्या एकल अल्बमच्या, 'व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाइट'च्या कामात अडकलेला होता (त्यातही कॉलिन्स आणि रदरफर्ड वाजवतात, आणि एका गाण्यात कॉलिन्स गातोही). त्यामुळे सुरुवातीला तिघंच बसले. 'डान्स ऑन अ व्होल्कॅनो' आणि 'स्क्वाँक' ही त्या बैठकांतून निघालेली. गाणी भराभर होत गेली. गायक मात्र मिळेना. जाहिरात दिली, टेप आल्या, माणसं येऊन गाऊन गेली. येणाऱ्यांना जुनी गाणी गाऊन दाखवायचं काम कोणाकडे? कॉलिन्सकडे! तो शिकवायचा आणि समोरचा त्याच्याइतकं बरं गायचा नाही.

ऑक्टोबरमध्ये हे लोक गायकाशिवायच ट्रायडेंट स्टुडिओत गेले. निर्माता म्हणून डेव्हिड हेन्ट्शल होता. वाद्यांचं काम आधी करून ठेवलं. मग बाहेरच्या एका गायकाला 'स्क्वाँक' गायला बोलावलं. पण वाद्यं आधीच ध्वनिमुद्रित झालेली, पट्टी ठरलेली, आणि ती पट्टी त्या बिचाऱ्याच्या गळ्याला झेपणारी नव्हती. तेव्हा कॉलिन्स म्हणाला, मी बघतो एकदा. आज आपण ऐकतो तो 'स्क्वाँक' असा झालाय. गाणं अवघड आहे, सूर रुंद उड्या मारतो, आणि खाली ड्रम्स जड पावलांनी चालतात. रदरफर्डच्या डोक्यात तेव्हा लेड झेपेलिनचं 'कश्मीर' होतं, ते लगेच कळतं.

माझा मुद्दा आता सांगतो. तोपर्यंतच्या जेनेसिसच्या अल्बमवर गाण्यांचं श्रेय सगळ्या बँडला मिळून असायचं. कोणी काय केलं ते बाहेरच्याला कळायला मार्ग नव्हता. 'अ ट्रिक ऑफ द टेल'वर पहिल्यांदा प्रत्येक गाण्यापुढे वेगळी नावं आली, आणि आठच्या आठ गाण्यांवर टोनी बँक्सचं नाव आहे. 'मॅड मॅन मून' आणि शीर्षकगीत तर त्याच्या एकट्याचं. 'रिपल्स' आणि 'स्क्वाँक'मध्ये त्याच्याबरोबर रदरफर्ड, 'एन्टँगल्ड'मध्ये हॅकेट, 'रॉबरी, असॉल्ट अँड बॅटरी'मध्ये कॉलिन्स. पहिलं 'डान्स ऑन अ व्होल्कॅनो' आणि शेवटचं 'लॉस एन्डोस' चौघांचं. ही नावं वाचून 'फर्थ ऑफ फिफ्थ' किंवा 'द सिनेमा शो' परत ऐकलं की जुने अल्बमही वेगळे ऐकू येतात. ज्याला आपण 'गॅब्रिएलचा जेनेसिस' म्हणत होतो, त्यातले लांबच लांब वाद्यांचे पल्ले, सुरावटींची ती चढण, बारा तारांचं ते जाळं, हे सगळं स्टेजच्या कडेला मान खाली घालून बसणाऱ्या माणसांचं होतं. गायक गेला तेव्हा ते जगाला दिसलं. म्हणून हा अल्बम मला त्यांचा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सर्वांत थोर म्हणाल तर माझं मत अजूनही 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'ला.

एक जागा मुद्दाम सांगतो. 'एन्टँगल्ड' सुरू होतं बारा तारांच्या गिटारांवर, तीन-तीनच्या झोक्यात. शब्द हॅकेटचे, चित्रकार किम पूर यांच्या एका चित्रावरून त्याला ते सुचले. रुग्णाला गुंगीत नेणाऱ्या डॉक्टरचं गाणं आहे, आणि शेवटी परिचारिका बिल घेऊन हजर होते. गाणं तिथे संपलं असं वाटतं. पण बँक्स मेलोट्रॉनवर (टेपवर भरलेले आवाज वाजवणारा की-बोर्ड) मानवी आवाजांचा कोरस सुरू करतो आणि त्याच्यावर सिंथेसायझरची एकच रेघ, थरथरत, वर-वर नेत राहतो. ड्रम्स नाहीत, शब्द नाहीत. हेडफोन लावून तेवढाच भाग ऐका आणि मग सांगा की या बँडचा प्राण गेला होता का.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, वाचायला आवडेल.

तालमीतला

मस्त धागा, वाचनखूण साठवली. मी ड्रम्स वाजवतो, तेव्हा तेवढंच बोलतो.

'डान्स ऑन अ व्होल्कॅनो' सात मात्रांत आहे. इथल्या तबलजींनी रूपक मनात धरून ऐकायला सुरुवात केली तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच अडखळायला होईल, कारण रूपकात समेवर खाली असते आणि चाल हलकी होते. इथे आघात भरीव आणि अचानक येतात. मजा अशी की कॉलिन्स सात मोजतोय असं कधी जाणवत नाही. त्या काळचे बरेच ड्रमर विषम मात्रा आल्या की गणित दाखवायला लागायचे. हा माणूस सातातही डुलतो. गाण्याचा शेवट ऐका, सगळे एकदम वेग पकडून पळत सुटतात आणि तसंच कड्यावरून उडी मारल्यासारखं संपवतात.

'लॉस एन्डोस'मागे सँटानाच्या लॅटिन तालाची प्रेरणा होती, हे कॉलिन्सने सांगितलेलं आहे. त्याच सुमारास तो ब्रँड एक्स या जॅझ-फ्यूजन बँडमध्येही वाजवत होता. ते सगळं या गाण्यात आलंय. इंग्लिश रॉक ड्रमरच्या हातून एवढं सैल, एवढं नाचरं वाजवणं १९७५ मध्ये फार कोणाकडून ऐकायला मिळत नव्हतं.

आणि दौऱ्याचा मुद्दा राहिला. कॉलिन्स पुढे येऊन गाणार तर ड्रम्स कोण वाजवणार? बिल ब्रुफर्ड! येस आणि किंग क्रिमसन या बँडमधून आलेला. मार्च १९७६ मध्ये कॅनडातून दौरा सुरू झाला. वाद्यांचे मोठे पल्ले आले की कॉलिन्स मागे जाऊन दुसऱ्या सेटवर बसायचा आणि दोघं मिळून वाजवायचे. 'सेकंड्स आउट' या लाइव्ह अल्बमवरचं 'द सिनेमा शो' पॅरिसचं, ब्रुफर्डबरोबरचं आहे. त्यातला शेवटचा सातातला भाग ज्यांनी ऐकला नाही त्यांनी आज रात्री ऐकावा.

मारवा

लेख चांगला आहे, अभ्यासू आहे, आणि तरी मला निष्कर्ष मान्य नाही.

श्रेयनावं बघून तुम्ही म्हणता की संगीत या चौघांचं होतं. असेल. पण जेनेसिस हा केवळ संगीताचा बँड होता का? 'लॅम्ब'मधला राएल हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचा पोर्टोरिकन पोरगा आहे, भिंतींवर रंग फवारणारा, रागावलेला, वासनेने गोंधळलेला. गॅब्रिएल त्याच्या कातडीत शिरून गातो. एका वर्षात आपण कुठे आलो? रडून रडून स्वतःच्याच आसवांत विरघळणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या दंतकथेतल्या प्राण्यावर, म्हणजे 'स्क्वाँक'वर. शिंगं-शेपटीवाला एक प्राणी माणसांच्या जगात येतो, त्याला पिंजऱ्यात घालून लोकांना दाखवतात, त्यावर. (ते शीर्षकगीत बँक्सला विल्यम गोल्डिंगच्या 'द इनहेरिटर्स'वरून सुचलं.) गाणी सुरेल आहेत, नाकारत नाही. पण धोका कुठे गेला? गॅब्रिएल असताना गाणं कुठल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन सोडेल ते माहीत नसायचं. 'ट्रिक'मध्ये सगळ्या खोल्यांत दिवे लावलेले आहेत.

मुखपृष्ठ बघा ना. हिप्नोसिस या मुखपृष्ठं करणाऱ्या स्टुडिओचं, कॉलिन एल्गीने काढलेलं. जुन्या पुस्तकातल्यासारखी नाजूक रेखाटनं, एकेका गाण्यातलं एकेक पात्र. देखणं आहे. पण ते मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आहे आणि आतही तेच आहे.

अनवट

मारवा यांच्याशी शंभर टक्के सहमत. 'मॅड मॅन मून' मला दर वेळी मधेच सोडून द्यावंसं वाटतं. फार गोड.

बारातारी

@मारवा, धोक्याबद्दल तुम्ही म्हणता ते मी सोडून देत नाही. शब्दांची धार कमी झाली हे खरंच. बँक्स आणि रदरफर्ड यांना माणसाच्या आतली घाण लिहिता येत नव्हती, आणि त्यांनी ते उसनं आणून लिहिण्याचा प्रयत्नही केला नाही. मला यात त्यांचा शहाणपणा दिसतो. गॅब्रिएलसारखं लिहायला गेले असते तर सगळं खोटं झालं असतं.

पण 'रिपल्स'बद्दल काय म्हणाल? वय झालेल्या बाईचं, पाण्यात विरत जाणाऱ्या प्रतिबिंबाचं गाणं. पंचविशीतल्या पोरांनी लिहिलंय. मधे गाणं थांबतं, पियानो एकटाच पुढे जातो, आणि हॅकेटची गिटार येते ती उलट्या टेपसारखी, सूर आधी फुगतो आणि मग सुरू होतो असं वाटतं. त्या दोन-तीन मिनिटांत जे दुःख आहे ते मला 'लॅम्ब'मध्ये सापडत नाही. 'लॅम्ब'मध्ये राग आहे, भीती आहे, कल्पना तर ओसंडून वाहते, पण असं संथ दुःख नाही.

केतकी_मुलुंड

मी या विषयात नवीन. कॉलिन्सची ऐंशीच्या दशकातली एकल गाणी लहानपणी घरात वाजायची, त्यामुळे तो आवाज ओळखीचा. त्याला मी कायम 'गायक' समजत आले. तो मुळात ड्रमर आणि त्याला नाइलाजाने माइकसमोर यावं लागलं, हे या धाग्यावर पहिल्यांदा कळलं.

वाचताना एक आठवलं. आपल्याकडे चालत्या नाटकात रिप्लेसमेंट येते तेव्हा नव्या नटाचं पहिलं दडपण असतं ते आधीच्याच्या हशा-टाळ्यांच्या जागांचं. त्या जागा तशाच घेतल्या तर नक्कल, आणि सोडल्या तर प्रेक्षक नाराज. कॉलिन्सने यातलं काय केलं? जुनी गाणी स्टेजवर गाताना मुखवटे घातले का?

तालमीतला

@केतकी_मुलुंड, मुखवटे नाहीत घातले, आणि तेच बरं झालं. तो गाण्यांच्या मधे गप्पा मारायचा, विनोद करायचा, डफलीसारखं टॅम्बोरिन डोक्यावर-कोपरावर-गुडघ्यावर आपटत नाचायचा. 'आय नो व्हॉट आय लाइक'मधला तो टॅम्बोरिनचा नाच पुढे वर्षानुवर्षं चालला. गॅब्रिएल प्रेक्षकांना बुचकळ्यात टाकायचा, हा त्यांच्यातलाच एक होऊन बोलायचा.

आणि अभिनय त्याला नवा नव्हता. शाळकरी वयात, १९६४ मध्ये, लंडनच्या वेस्ट एंडला 'ऑलिव्हर!' या संगीत नाटकात त्याने आर्टफुल डॉजरचं काम केलंय. खिसेकापू पोरगा. 'रॉबरी, असॉल्ट अँड बॅटरी' ऐकलंत की तोच पोरगा मोठा होऊन घरफोडी करायला निघालाय असं वाटतं. त्या गाण्यातला लंडनच्या गल्लीतला उच्चार गॅब्रिएलला इतका सहज आला नसता. त्या गाण्याची तेव्हा प्रचारासाठी छोटी फिल्मही केली होती, आणि शीर्षकगीताचीही. शीर्षकगीताच्या फिल्ममध्ये बोटाएवढा कॉलिन्स पियानोवर उड्या मारत फिरतो, बाकीचे वाजवतायत.

जेनेसिसच्या रेकॉर्डवर तो आधीही गायलेला होता. १९७१ च्या 'नर्सरी क्राइम'मधलं 'फॉर अ‍ॅबसेंट फ्रेंड्स' आणि १९७३ च्या 'सेलिंग इंग्लंड'मधलं 'मोअर फूल मी' त्याच्याच आवाजात आहेत. शिवाय गॅब्रिएलच्या मागे जोडस्वर बहुतेक त्याचेच. म्हणजे श्रोत्यांच्या कानात हा आवाज आधीपासून होता, फक्त पुढे आलेला नव्हता.

जुनाखोड

मुंबईत आमच्या तरुणपणी या रेकॉर्डी मिळणं म्हणजे कुणाचा तरी भाऊ परदेशातून येण्याची वाट बघणं. नाहीतर काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये चकरा. त्यामुळे आम्ही क्रमाने काहीच ऐकलं नाही. माझ्या हाताला 'ट्रिक' आधी लागला आणि गॅब्रिएलचे अल्बम नंतर. म्हणून असेल, मला या अल्बममध्ये कुणाची उणीव कधी जाणवलीच नाही. ज्यांनी क्रमाने ऐकलं त्यांचं दुःख मी समजू शकतो, पण माझ्या कानांना ते नाही.

दुसरं, तुलनेसाठी काही नावं. डीप पर्पलमधून इयान गिलन गेला तेव्हा त्यांनी डेव्हिड कव्हरडेलला आणलं, कपड्यांच्या दुकानात काम करणारा, जगाला अनोळखी पोरगा, आणि १९७४ मध्ये 'बर्न' केला. ब्लॅक सबाथने ऑझीच्या जागी रॉनी जेम्स डिओ आणला, १९८० चा 'हेवन अँड हेल'. तिथे नवा गायक नवी ताकद घेऊन आला आणि बँडच वेगळा झाला. त्याच वर्षी येसमधून जॉन अँडरसन आणि रिक वेकमन गेले, आणि ट्रेव्हर हॉर्न व जेफ डाउन्स आले. 'ड्रामा' अल्बम मला फार आवडतो. पण दौऱ्यावर हॉर्नला अँडरसनची गाणी अँडरसनच्या पट्टीत गावी लागली आणि त्याच्या गळ्याचे हाल झाले. पुढे तो निर्माता म्हणून केवढा मोठा झाला!

जेनेसिसचं यातल्या कुणाशीच जुळत नाही. त्यांनी बाहेरचा माणूस आणलाच नाही. पाचाचे चार झाले आणि जागा आतल्यानेच भरली. त्यामुळे कानाला झटका बसत नाही. माझ्या मते बँडच्या वाचण्यामागे हे कारण श्रेयनावांपेक्षा मोठं आहे.

मारवा

जुनाखोड काका, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. क्रमाने ऐकण्याचा परिणाम मी गृहीत धरला नव्हता.

@बारातारी, 'रिपल्स'बद्दल हरकत नाही, ते गाणं मलाही हलवतं. पण ते तुमच्या मुद्द्याच्या उलट जातं असं मी म्हणेन. त्यातला सर्वांत मोठा क्षण शब्दांशिवायचा आहे. म्हणजे हा बँड वाजवताना मोठा होता आणि बोलायला लागला की लहान. कॉलिन्सने तर सुरुवातीला सुचवलंही होतं ना, की गायक नको, आपण केवळ वाद्यांचा बँड होऊ या? तसं झालं असतं तर कदाचित मी आज तुमच्या बाजूने असतो.

आणि 'लॉस एन्डोस'चा शेवट. 'स्क्वाँक'ची सुरावट परत येते, आवाज विरत जातो, आणि त्यात अगदी दूरवरून कॉलिन्स 'सपर्स रेडी'मधली सूर्यात उभ्या असलेल्या देवदूताची ओळ गातो. गेलेल्या मित्राला केलेला नमस्कार आहे तो. फार सुंदर. पण त्यांच्याच रेकॉर्डवर, शेवटच्या मिनिटात, शब्द आठवावासा वाटला तो गॅब्रिएलच्या काळातला.

बारातारी

तो नमस्कार मला वेगळा ऐकू येतो. वितुष्ट आलं असतं तर ती ओळ आलीच नसती. मित्र म्हणून सोडलं, मित्र म्हणून आठवण काढली, आणि मग आपल्या रस्त्याला लागले. गॅब्रिएलचा पहिला एकल अल्बम १९७७ मध्ये आला आणि 'सॉल्सबरी हिल'मध्ये त्यानेही या निघून जाण्याबद्दलच लिहिलं. दोघांनाही मोकळं व्हायचं होतं आणि दोघंही झाले.

वाद्यांच्या बँडचा पर्याय त्यांनी घेतला नाही याचा मला आनंदच आहे. 'स्क्वाँक'मधला आवाज काढून टाकून बघा मनातल्या मनात. राहतं काय?

लीड्सकर

इंग्लंडमध्ये राहतो म्हणून थोडी भर. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या ओटू सभागृहात जेनेसिसचे शेवटचे कार्यक्रम झाले, त्यातल्या एकाला मी होतो. कॉलिन्स खुर्चीत बसून गायला. पाठीच्या दुखण्यामुळे त्याला ड्रम्स वाजवता येणं केव्हाच बंद झालंय. मागे ड्रम्सवर त्याचा मुलगा निक. ज्या माणसाला १९७५ मध्ये ड्रम्समागून उठून पुढे यायचं जिवावर आलं होतं, तो आता मागे जाऊच शकत नव्हता, आणि मुलगा ते सगळं वाजवत होता. माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ 'द सिनेमा शो'चा भाग आला तेव्हा उघड रडत होते.

शेवटच्या रात्री गॅब्रिएल प्रेक्षकांत येऊन बसला होता. आणि अखेरचं गाणं होतं 'द कार्पेट क्रॉलर्स', 'लॅम्ब'मधलं. मारवा यांना आवडेल म्हणून सांगतो.

मारवा

आवडलं! धन्यवाद. हे माहीत नव्हतं.

ध्वनिवेडा

ऐकणार असाल तर कुठली आवृत्ती ऐकताय ते बघा. २००७ मध्ये निक डेव्हिसने १९७६ ते १९८२ च्या अल्बमचं नवं मिश्रण केलं. नुसतं झाडून-पुसून घेतलेलं नाही, मूळ टेपवरून प्रत्येक वाद्याची पातळी नव्याने लावलीय. बास आणि ड्रम्स जास्त स्पष्ट ऐकू येतात आणि आजूबाजूला पाच स्पीकर असतील तर 'एन्टँगल्ड'चा शेवट खरोखर खोली भरून टाकतो. पण आवाज जोरकस आहे, मूळची हवा कमी झालीय. मला १९९४ ची सीडी जास्त मानवते, त्यात हेन्ट्शलचं मूळ मिश्रण आहे. स्ट्रीमिंगवर दोन्ही सरमिसळ असतात, नाव नीट वाचून लावा.

'मॅड मॅन मून' नावडणाऱ्यांनी (@अनवट) ते मूळ मिश्रणात एकदा ऐकावं. पियानो इतका पुढे नाही, त्यामुळे गोडवाही कमी टोचतो.

अनवट

ऐकलं. मधला वाळवंटाचा भाग आता कळला, आधी माझं लक्षच गेलं नव्हतं. गोड अजूनही वाटतंय, पण मधे सोडलं नाही.

केतकी_मुलुंड

मी काल पूर्ण अल्बम ऐकला, एक्कावन्न मिनिटं, सलग. 'एन्टँगल्ड' तीनदा. बारातारी, तुम्ही लिहिलेली ती एकच रेघ वर जाते ना, तिथे मला घाबरायला झालं. मारवा म्हणतात तो धोका मला तिथे सापडला, शब्दांत नसेल पण आहे.

एक प्रश्न. 'लॉस एन्डोस' सुरू होताना जी हळुवार सुरावट येते ती अल्बममध्ये आधी कुठेच नाही. बाकी सगळं परत आलेलं आहे, मग ही कुठून आली? आणि पुढे काय ऐकू?

बारातारी

@केतकी_मुलुंड, अचूक पकडलंत. ती सुरावट 'इट्स युअरसेल्फ' नावाच्या गाण्यातली आहे. ते याच वेळी ध्वनिमुद्रित केलं आणि अल्बममधून वगळलं. १९७७ मध्ये 'युअर ओन स्पेशल वे' या सिंगलच्या मागच्या बाजूला ते आलं. ते ऐकून मग 'लॉस एन्डोस' लावलंत तर सांधा लगेच कळेल.

पुढे 'विंड अँड वदरिंग' ऐका, १९७६ च्याच डिसेंबरात आलेला. म्हणजे गायक गेल्यावर एका वर्षात दोन अल्बम! 'ट्रिक' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि अमेरिकेत ३१ व्या, 'लॅम्ब'पेक्षा वर. त्यामुळे हुरूप होता.

पण 'विंड अँड वदरिंग' ऐकताना श्रेयनावं समोर ठेवा आणि हॅकेट किती आहे ते बघा. 'ट्रिक'मध्ये त्याने 'एन्टँगल्ड' दिलं, 'रिपल्स'मधली ती गिटार दिली, पण आठात त्याचं नाव तीनच गाण्यांवर आहे. स्वतःचा एकल अल्बम करून आलेल्या माणसाला तेवढं पुरणार नव्हतं. पुढच्या अल्बमच्या वेळी त्याच्या आणखी काही रचना बाजूला पडल्या आणि १९७७ मध्ये तोही गेला. जुनाखोड काका म्हणतात तशी जागा याही वेळी आतूनच भरली, रदरफर्डने लीड गिटार स्वतःच्या हातात घेतली. पण मला त्या वेळी झटका बसतो. गॅब्रिएल गेला तेव्हा बसला नव्हता.

जुनाखोड

मलाही तिथेच बसला. १९७८ च्या '...अँड देन देअर वेअर थ्री...'मध्ये गिटार शोधावी लागते. हॅकेटवर वेगळा धागा काढा, मी लिहितो त्यात.

तालमीतला

काढाच. आणि ब्रुफर्डनंतर १९७७ च्या दौऱ्यापासून आलेल्या चेस्टर थॉम्पसनवर मी लिहितो, फ्रँक झप्पाच्या बँडमधून आलेला माणूस, त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही.